प्रज्ञा मेश्रामच्या आयडीवरून

हे मी बायकोला सांगितलं नाही. ती शेवटच्या आजारात माझा हात धरून पडून असायची, तेव्हाही नाही. मुलगा पुण्यात असतो, त्याला तर नाहीच. म्हणजे पहिले ऐकणारे तुम्ही. मित्र समजून सांगतो आहे — पण 'म्हातारपणी माणूस हळवा होतो' असलं काही घेऊन जवळ येऊ नका. हळवा मी झालेलो नाही. मला राग आहे आणि तो माझ्यावरच आहे.

सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका स्पंज आयर्न प्लांटमध्ये मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. दीडशेच्या वर मशीन. कोणत्या मशीनवर कोणतं सॉफ्टवेअर चालेल, कोणाला कोणती फाईल उघडता येईल, कोणाला ती नुसती बघता येईल — सगळं मी ठरवायचो. मोठे मोठे साहेब माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणायचे, "भैया, ज़रा परमिशन दे दो." एवढ्याशा अधिकाराची काय मस्ती चढते, असं वाटतं ना तुम्हाला? चढते. मला चढली होती.

आमच्याकडे एक पद्धत होती — मीच सुरू केलेली. प्रत्येकाने आपला पासवर्ड कागदावर लिहायचा, पाकिटात घालायचा आणि माझ्याकडे द्यायचा. कोणी रजेवर गेलं की काम अडू नये म्हणून मी पाकीट फोडायचो आणि त्याच्या नावाने लॉगिन करायचो. सगळ्यांनी निमूट पाकिटं दिली. एकीने दिलं नाही. ड्रॉइंग सेक्शनमधली प्रज्ञा मेश्राम.

नाव बदलत नाही. तिची बदनामी नावानिशी झाली होती.

ती भर सेक्शनमध्ये म्हणाली, "काका, पासवर्ड देणं म्हणजे घराची किल्ली पानठेल्यावर टांगणं झालं ना! माह्या नावानं काय होऊन राहिलं, ते मले माहीत नको का?" सगळे हसले. मीही हसलो. आठवड्याभराने जनरल मॅनेजर मीटिंगमध्ये मला म्हणाले, "मेश्राम मैडम ठीक कह रही हैं, इनसे कुछ सीखिए." तेव्हा मात्र मला हसता आलं नाही.

तिचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. बौद्ध. आम्ही शहरातल्या पुरानी बस्तीतले, भोसल्यांच्या काळापासून इथे असलेले — हे मी समोरच्याने न विचारता सांगायचो. तिची जात मी कधी तोंडातून काढली नाही. काढायची गरज कुठे असते? 'ही पोट्टी मला शिकवणार?' एवढं मनात आलं की सगळं आलंच त्यात. आणि ती बरोबर होती. तेच जास्त झोंबलं.

आता सॉफ्टवेअरचं सांगतो. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स पाच होते आणि त्यावर काम करणारे अकरा. मी वर कळवलं. वरून तोंडी उत्तर आलं — "एडजस्ट कर लो." मी केलं. सहा मशीनवर चोरीची कॉपी टाकली. पण असं काही टाकलं की मशीन नोंद ठेवतं. कोणत्या आयडीवरून, कोणत्या दिवशी. हे त्या प्लांटमध्ये माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

वर्षभराने सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची नोटीस आली. चौकशी लागली. नोंद काढली. सहाही मशीनवर दिवस एकच, नाव एकच — प्रज्ञा मेश्राम.

जनरल मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. तिने रजेचा अर्ज सोबत आणला होता. "सर, उस दिन मैं छुट्टी पे थी. आई का मोतियाबिंद का ऑपरेशन था." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "इनकी आईडी कोई और खोल सकता है?"

काय सोपा प्रश्न होता! हो म्हणायचं होतं फक्त. प्रमुख म्हणून मी कोणाचाही पासवर्ड बदलू शकत होतो. तिचा बदललाच होता. ती रजेवरून आली, लॉगिन होईना, तेव्हा मीच तिला म्हणालो होतो, "जुना झाला असेल, नवा टाक."

मी म्हणालो, "नहीं सर. इन्होंने तो पासवर्ड का लिफ़ाफ़ा तक नहीं दिया था."

समजलं का तुम्हाला मी काय केलं? अख्ख्या प्लांटमध्ये जी एकटी नियमाने वागली, तिचं ते नियमाने वागणंच मी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवलं.

साहेब म्हणाले, मग घरून केलं असेल? मी म्हणालो, बघून सांगतो. माझ्या खुर्चीवर गेलो. तिच्या आयडीला घरून काम करायची परवानगी नव्हती — मी ती तिथे बसून दिली. त्या परवानगीचा कागद छापला आणि दहा मिनिटांत साहेबांपुढे ठेवला. ही परवानगी कधी दिली, याचीही नोंद मशीनमध्ये होतीच. पण ती वाचता येणारा प्लांटमध्ये मी एकटा.

बाहेर येताना ती जिन्यात थांबली. रडली नाही. "काका, माह्यावर एवढा राग काहून?"

"जे दिसलं ते सांगितलं, बाई," मी म्हणालो, आणि तिच्या बाजूने उतरून गेलो. त्या दुपारी डबाही खाल्ला — पूर्ण.

तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. सिलतऱ्यात एका प्लांटची गोष्ट दुसऱ्या प्लांटमध्ये चहाबरोबर पोचते. तिला कोणी दारात उभं केलं नाही. सहा वर्षांत उत्तम ड्रॉइंग करणारी म्हणून कमावलेलं नाव — 'वो चोरी वाली मैडम' झालं. मला मात्र निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली. गोल बाजारात एकदा ती भांड्यांच्या दुकानाबाहेर उभी दिसली. मी कापडाच्या गल्लीत वळलो. काही घ्यायचं नव्हतं.

आणि अजून मुख्य गोष्ट राहिलीच — बघा, इथपर्यंत येऊनही मी ती टाळतो आहे. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की केबिनमध्ये घाबरलो, तोंडून खोटं निघून गेलं. भित्रेपणा म्हटलं की जरा बरं वाटतं ना? पण भीती वर्षभरानंतरची. त्या दिवशी सॉफ्टवेअर टाकताना माझ्या कपाटात शंभरावर पाकिटं पडलेली होती. कोणतंही फोडता आलं असतं. नाहीतर माझी स्वतःची आयडी होती. मी रजेचं रजिस्टर उघडून तिची रजा बघितली, मगच तो दिवस ठरवला. कधी पकडलं गेलंच, तर ती पकडली जावी म्हणून. चूक नव्हती ती. घाईही नव्हती.

ती त्या दिवशी आईजवळ होती. तिच्या नावाने लॉगिन मी केलं. सहाही मशीनवर कॉपी मी टाकली. घरून काम करायची परवानगी मागाहून मी दिली. वरून एडजस्ट करायला सांगितलं होतं, हे खरं आहे. तिचं नाव घ्यायला मला कोणीही सांगितलं नव्हतं.