आरतीला वाकणारी तान्ही

खरं सांगते, लग्न होऊन सायखेड्याला आले तेव्हा देवाशी माझं फारसं बोलणं नव्हतं. माहेर नाशकातलं, देव्हारा होता, पण सकाळची घाई देवापेक्षा मोठी. सासरी सगळं उलटं. झेंडूचा मळा, तोडलेल्या फुलांतली पहिली ओंजळ देवाची, आणि तिन्हीसांजेला घंटा वाजवून आरती झाल्याखेरीज चुलीवर तवा चढायचा नाही. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवायचे आणि मनात म्हणायचे, ऐकतो का हा कुणाचं? मग मुलगी झाली, आणि तिच्या पहिल्याच हिवाळ्यात ही शंका भलत्याच वाटेनं माझ्या दारात आली.

चिमी पाच-सहा महिन्यांची असेल. झोळीत झोपली होती. आरतीची घंटा वाजली तशी जागी झाली, मी तिला मांडीवर घेतलं, आणि तिनं एकदम मान पुढे टाकली, दोन्ही हात उचलून जवळ आणले आणि कमरेत वाकली. मग पुन्हा. पुन्हा. सासूबाईंच्या हातातलं निरांजन थांबलं. "अगं बया! पोर नमस्कार करती!" दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग काय विचारता, शेजारणी आल्या, नदीपलीकडच्या बायका नारळ घेऊन आल्या. "लय पुण्यवान जीव हाय," म्हणत तिच्या इवल्या पावलांना कुंकू लावू लागल्या. मलाही बरं वाटलं. का वाटू नये? आपल्या लेकराचं कौतुक कुणाला नको असतं!

पण हळूहळू मला वेगळंच काही दिसायला लागलं. सकाळी उठली की चिमी तशीच वाकायची, कोऱ्या भिंतीपुढे. वाकताना तिचे डोळे वर जायचे आणि थांबलं की किंचाळून रडायची. नमस्कार करून कुणी असं रडतं का? सासूबाई म्हणाल्या, "भिंतीतबी देव हाय." ती भिंतीपुढे वाकत राहिली आणि मला, तिच्या आईला, तिच्याजवळ जायची भीती वाटली.

एका संध्याकाळी ओसरी बायकांनी भरली होती. सासूबाई एकेकीला हळदीकुंकू लावत होत्या. कडेला विटक्या हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती, पदर ओला, नदीवरून आल्यासारखी. साऱ्या जणी चिमीच्या हातांकडे बघत होत्या. ही तिच्या तोंडाकडे. आरती संपली तशी ती माझ्याशेजारी येऊन टेकली.

"बाई, ही शेवटची कवा हसली?"

मला आठवेना.

"माझीबी अशीच वाकायची. लय लोक यायचे. हा नमस्कार नाय, बाई. नाशकाला ने. डाक्टर इचारतील, झोपेतून उठल्यावर करती का? तू व्हय म्हण. म्या नाय म्हनले हुते." तिनं मूल घ्यायला करतात तसे हात पुढे केले आणि रिकामेच मागे घेतले.

मी चिमीचं झबलं सारखं करून वर पाहिलं तर शेजारी कुणी नव्हतं. फरशीवर थोडी ओल होती. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कोन बाई? तुझ्याशेजारी कुनीच बसलं नव्हतं. तू आपली एकटीच मान हलवत हुतीस."

हे ओझरच्या कारखान्यातून आले तेव्हा मी पिशवी भरून बसले होते. सकाळी आम्ही निघालो. सासूबाईही हट्टानं सोबत आल्या. नाशकातले ते डॉक्टर क्वचित दिसणाऱ्या बालरोगांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "हे ती झोपेतून उठल्यावर करते का?"

तेच शब्द.

"छे छे!" सासूबाई म्हणाल्या, "देवापुढंच करती. आरतीलाच!"

"हो," मी म्हणाले. "झोपेतून उठल्यावर." आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आरतीची घंटाच तर तिला रोज जागं करत होती.

डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, हे झटके आहेत. पुस्तकातसुद्धा यांना सलामाचे झटके म्हणतात, दिसतातच तसे. उशीर झाला तर मूल आईलाही ओळखेनासं होतं. मोजक्या मुलांच्या शरीराला एक जीवनसत्त्व इतरांपेक्षा कितीतरी जास्त लागतं, ते पुरलं नाही तर मेंदू असा तडफडतो. "आधी ते देऊन बघू. लागू पडेलच असं नाही." दवाखान्याच्या त्या खोलीत मी देवाशी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, माझ्या हातात होतं ते केलं, आता तुझं तू बघ. इतकंच. मग मला शांत झोप लागली.

काही दिवस ते जीवनसत्त्व देऊन घरी आलो, त्या संध्याकाळी सासूबाईंनी भीतभीतच घंटा वाजवली. चिमी जागी झाली. आम्ही सगळे श्वास रोखून तिच्या हातांकडे बघत होतो. हात हलले नाहीत. तिनं मान वळवली, मला शोधलं आणि तोंडभरून हसली. सासूबाई मटकन खाली बसून रडायला लागल्या. मी देवापुढे डोकं टेकलं ते किती वेळ उचललंच नाही.

ती बाई कोण होती, मी कधी शोधलं नाही. दरवर्षी घाटावर तिच्या नावानं, म्हणजे नाव ठाऊक नसताना, एक हिरवी चोळी सोडते. देवावर भार टाकायचा म्हणजे डोळे मिटायचे नाहीत, एवढं ती मला शिकवून गेली.

चिमी आता शाळेत जाते. गोळी रोज घ्यावी लागते, घेते बिचारी. पण देवळात गेली की खांबाला टेकून उभी राहते, हात काही जोडत नाही. बायका नावं ठेवतात, तेव्हा सासूबाईच ताडकन म्हणतात, "ऱ्हाऊ द्या. तिच्या वाटचे नमस्कार करून झालेत."