लोगनबेरीचे सर

त्या काळी अहेरीत जेवढं म्हणून इंग्रजी होतं, तेवढं सगळं एकट्या त्यांच्यापाशी होतं आणि त्यातलं एक अक्षरही कुणाच्या कामाचं नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि ते इंग्रजी. भर मे महिन्यातही त्यांच्या गळ्याला टाय असे. बाजाराला निघताना पिशवी विसरत, पण डिक्शनरी विसरत नसत. तिच्यातल्या हजारो शब्दांतून त्यांनी आपला म्हणून जो शब्द निवडला होता, तो होता 'लोगनबेरी'. कुणीही नवा माणूस भेटला, की नावगाव विचारायच्या आधी ते विचारत, "लोगनबेरी म्हणजे काय, सांगा?" समोरचा गप्प झाला, की यांचा दिवस चांगला जाई.

एकदा आमच्या शिपायानं त्यांना उलट विचारलं, "म्हनजे काय जी?"

"रासबेरी आणि ब्लॅकबेरीचा संकर."

"आन् रासबेरी?"

"लोगनबेरीची आई."

"मंग ब्लॅकबेरी बाप! मायबापाले कोनी पाह्यलं नाई आन् पोरीचंच नाव घेऊन राह्यले तुमी!"

सर पुढे आठवडाभर त्याच्या हातचं पाणी प्यायले नाहीत. आठवडी बाजारात टेंभरांची टोपली घेऊन बसलेल्या बाईसमोर ते एकदा डिक्शनरी उघडून उभे राहिले आणि 'टेंभूर' सापडेना तेव्हा म्हणाले, "या फळाला नावच नाही." ती म्हणाली, "नाव नाई त खाऊन पाहा, सर." सर नाकाला रुमाल लावून पुढे गेले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण हाच प्रकार वर्गातही चाले. नुसता अर्थ कळून भागत नाही, उपयोग कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एक असेल तर लोगनबेरी, अनेक असतील तर लोगनबेरीज. झाडालाही तेच नाव, फळालाही तेच. एका न्यायाधीशाच्या आडनावावरून पडलेलं, तरी पहिलं अक्षर लहान लिपीतलं. या लहान अक्षरावर त्यांनी अख्खा तास खर्च केला होता. शेवटी सगळ्या दहावीकडून एक वाक्य घोकून घेतलं, 'वुई ईट लोगनबेरीज विथ क्रीम.' ज्या घरांत चहालाही दूध नसे, त्या घरची पोरं साईसकट लोगनबेऱ्या खात होती. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि एकालाही साधं पत्र लिहिता येत नव्हतं. मला या माणसाचा मनापासून तिटकारा आला.

म्हणून जिल्ह्यावरून तपासणीला साहेब आले, तेव्हा चहा देता देता मी त्यांच्या कानाशी लागलो, "दहावीला इंग्रजीत विचारा, घरी काय खाता?"

साहेबांनी विचारलं. पन्नास पोरं एका सुरात ओरडली, "वुई ईट लोगनबेरीज विथ क्रीम!"

साहेब आधी पोट धरून हसले, मग एकदम संतापले. "ही काय थट्टा आहे? पाहिलंय का कुणी हे फळ?"

लाकूड डेपोवर मजुरी करणाऱ्या बापाची वनिता उभी राहिली. "नाई जी. सरनं पन नाई पाह्यलं. पन दोन फळायचं मिळून एक झालं, हे आमाले सरनंच सांगितलं."

दाराशी जमलेले मास्तर हसले. सर टायची गाठ चाचपत उभे राहिले. पोरांसमोर साहेबांनी त्यांना जे सुनावलं, ते ऐकताना मला माझीच लाज वाटून मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ आले. "सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. आभारी आहे." मी घाईघाईनं खडू उचलून वर्गाकडे निघालो.

महिनाभरात त्यांची एटापल्लीला बदली झाली आणि त्यांचे तास माझ्याकडे आले. मी पत्रं घोकून घेतली, पोरं पास झाली. निकालाचे पेढे द्यायला वनिता आली, तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "तुमी पास केलं, सर. पन थे सर शिकवत त वाटे, का दूर कुठीतरी कायतरी हाय."

त्या रविवारी मी एटापल्लीची बस धरली. सर खोलीबाहेर खाटेवर बसले होते, बिनटायचे. पेढ्यांचा पुडा पुढे ठेवून मी सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "जाताना साहेबच सांगून गेले होते."

"मग दुसऱ्या दिवशी आभार कशाचे मानलेत?"

"तुमची मान खाली होती," ते म्हणाले. मग पुड्याची दोरी सोडता सोडता हळूच विचारलं, "वनिताला इंग्रजीत किती पडले?"