जीपपुढची प्रार्थना

विक्रोळीच्या डोंगरावरच्या वस्तीचं पाणी मी एकदा डोळे मिटून घालवलं. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायचं वय होऊन गेलं होतं.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या उपदेशात स्वर्ग कमी आणि महापालिका जास्त असायची. डोंगरावर नळ नव्हता, बायका खालून हंडे वर न्यायच्या. ख्रिस्ती घरं मोजकी, बाकी बौद्ध आणि कोकणातली. पाळकसाहेब सगळ्यांना घेऊन वॉर्ड ऑफिसवर जायचे. चर्चची कमिटी कुरकुरायची, की पाळकानं राजकारणात पडू नये. एकदा एका पक्षाचा माणूस त्यांना निवडणुकीचं तिकीट द्यायला आला. पाळकसाहेबांनी त्याच्या हातात भरलेला हंडा दिला, म्हणाले, वर पोचलात की बोलू. तो काही वर पोचला नाही.

एकदा आम्ही असाच मोर्चा घेऊन गेलो, तर पाणी खात्याचे साहेब चक्क वॉर्ड ऑफिसच्या गेटवर आले. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द प्रार्थना करायला सांगितली. आमच्यात प्रार्थना सुरू झाली की आमेनपर्यंत कुणी डोळे उघडत नाही. आणि महिला मंडळात माझ्या प्रार्थनेचं नाव होतं, लांबीसाठी. पाण्यापासून निघाले ती आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेली मुलं, जावेचा गुडघा असं करत मुलुंडच्या नणंदेपर्यंत पोचले. बौद्ध शेजारणींनीही भिडेखातर डोळे मिटलेले. आमेन म्हणून बघते तर साहेब गायब. गेटवर नुसता वॉचमन, तोही हात जोडून.

डोंगर चढेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. पाळकसाहेब तेवढे गालात हसत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसला.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो, तेव्हा साहेब निघायच्या बेतात, जीपमध्ये बसलेले. पाळकसाहेबांनी सगळ्यांना जीपपुढेच बसवलं आणि मला म्हणाले, "ताई, करा प्रार्थना. आज आवरू नका."

मला काय, तेवढंच हवं होतं. नणंद मागे टाकून थेट ठाण्यापर्यंत गेले. नंतर कळलं, साहेब हॉर्न वाजव म्हणत होते, पण ड्रायव्हरनंच डोळे मिटले होते. पोलीस आले आणि टोप्या काढून उभे राहिले. शेवटी साहेब खाली उतरले, पाइप टाकायचं काम कधी सुरू होणार ते सगळ्यांसमोर बोलले आणि मला काकुळतीनं म्हणाले, की आता आमेन म्हणा.

नळ आला. पहिला हंडा भरला तो मोर्चात पुढे घोषणा देणाऱ्या माझ्या बौद्ध शेजारणीनं. हंडा कडेवर घेऊन ती थांबली आणि म्हणाली, "देवबिव मी मानत नाही, मावशी. पण तुमच्या दमाला मानलं."