न्हाणीघराच्या भिंतीमागे

अन्याय झाला तो विट्याकडच्या एका गलाईवाल्याच्या सुनेवर. आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, साताऱ्यातल्या एका स्वस्त लॉजवर. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की आजही डोकं तडकतं.

हे कुटुंब इंदूरहून अ‍ॅम्बॅसिडरने गावी निघालेलं. सोनं गाळायचा धंदा, खाऊनपिऊन सुखी; पण प्रवासात काटकसर. धुळे, नाशिक, जिथं मुक्काम पडेल तिथं स्वस्तातली खोली आणि सगळ्या लॉजला मिळून एकच न्हाणीघर. साताऱ्याहून आधी सुनेच्या माहेरी मेढ्याला, मग विट्याला, असा बेत.

सकाळी सासरे खाली चहा घेत होते. आत लॉजचा मॅनेजर वेटरला हसत सांगत होता, की त्या नव्या सुनेच्या पाठीवर तुळशीवृंदावन गोंदलंय. सासऱ्यांनी वर जाऊन बायकोला विचारलं. गोंदण होतं. झालं, निकाल लागला. मेढा इथून जवळ, म्हणजे लग्नाआधीची ओळख असणार! नवरा खाली मान घालून उभा, आणि मुलीची पेटी रस्त्यावर.

ती पेटी उचलून चालत ठाण्यात आली. मी तेव्हा तिथं फौजदार होतो. ठाणे अंमलदार म्हणाला, "बाई, घरातलं भांडण हाय, घरातच मिटवा." ती हलली नाही. मला म्हणाली, "साहेब, मला माहेरी पोचवू नका. आधी ते न्हाणीघर बघा."

स्टेशन डायरीला नोंद करून तिला घेऊन निघालो. लॉजच्या जिन्यात एका औषध विक्रेत्यानं मला बाजूला घेतलं. मॅनेजरनं त्यालाही एकदा कोठीच्या खोलीत 'गंमत बघायला' बोलावलं होतं. हा गडी गेला नव्हता. पण कुणाला बोललाही नव्हता. पुन्हा पुन्हा तिथंच उतरत होता.

मॅनेजरला समोर बसवलं. म्हणाला, बाई जुन्या ओळखीची आहे. तिच्या बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. त्याला दोन्ही ठाऊक नव्हतं. "मग पाठ कुठं बघितलीस रं?" त्याची नजर कोठीच्या दाराकडे गेली.

पंच घेऊन कोठीत शिरलो. न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीवर देवाचं कॅलेंडर. ते उतरवलं, तर मागं बोटभर रुंद भोक. भोकाच्या वरचा चुना कपाळं टेकून टेकून तेलकट काळा पडलेला. खाली बसायला स्टूल. मी हबकलो. किती घरांच्या लेकीसुना इथं उतरून गेल्या असतील! हवालदार बाहेर जाऊन थुंकला.

सासऱ्यांना आणून दाखवलं. म्हणालो, "आवं, सोन्याचा तुकडा हातात आला की आधी कस लावून बघता. सुनेच्या वेळी ऐकलेलं कसं काय चाललं?"

त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. मग सुनेला म्हणाले, "चल पोरी, गाडीत बस."

"आधी मेढ्याला चला, मामंजी," ती म्हणाली. "तुमी मला काय म्हणालात आन् खरं काय निघालं, ते माझ्या आई-आबांपुढं सांगा. म्होरचं म्होरं."

पाठोपाठ मीही जीप काढली. तिच्या आई-आबांच्या अंगणात उभं राहून सासऱ्यानं सगळं सांगितलं, अडखळत, पण सगळं. ती पुढं विट्याला गेली का, ते मला माहीत नाही. तो निर्णय तिचा होता.

मॅनेजरला शिक्षा झाली. पण तो गप्प बसलेला विक्रेता आणि तपासाआधी निकाल देणारा सासरा, यांना कोणतं कलम लावायचं, ते मला उभ्या नोकरीत सापडलं नाही. तुम्ही वाचताय ना? मग अशी एक जरी भिंत तुमच्या माहितीत असेल, तर हे पान मिटा आणि ठाण्यात जा. आजच.