पडदा नसलेल्या खिडक्या

रस्त्याने चालताना ताई मध्येच थांबायच्या, कपाळावर आडवा हात धरून वरच्या खिडक्या बघायच्या. "पडदा नाही, तिथं माणूस नाही," म्हणायच्या आणि सरळ वॉचमनकडे वळायच्या.

मीरा रोडच्या आमच्या लॅबसाठी त्या घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायच्या, मी काउंटरवर असायचे. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. त्या इतके जिने चढल्या होत्या की कुठल्या बिल्डिंगला पाणी कधी येतं, कुठली लिफ्ट कायमची झोपलेली, हे घरांचे एजंटसुद्धा त्यांना विचारत.

बेव्हर्ली पार्कसारख्या महाग ठिकाणीही परवडणारं भाडं त्या शोधून काढत. "लॉबी चकचकीत दिसली की मुकाट पुढं जायचं. लिफ्ट नसलेली चार मजली बघा. चौथ्यावर गुडघे दुखतात, तळाला ओल येते. तिथंच भाडं कमी!"

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच. लोक रिपोर्ट न्यायला येत आणि घराचंच विचारत बसत. शुगर तीनशेच्या वर गेलेले एक काका म्हणाले होते, "ते राहू दे, आधी वन रूम किचनचं सांगा." ताई दलाली घेत नसत. चहा घेत, तोही अर्धा.

स्वतः त्या जेसल पार्कला दिराच्या घरात अडचणीत राहायच्या. परभणीकडच्या गावात आई एकटी होती, तिला जिना चढवत नसे. तिला आणायची तर तळमजलाच हवा. दोन वर्षं त्या लोकांना घरं मिळवून देत होत्या आणि स्वतःसाठी एक तळमजला शोधत होत्या.

तो मिळाला, बेव्हर्ली पार्कातच, मागच्या अंगाला. मला दाखवायला घेऊन गेल्या. नळ सोडून बघितला, मोरीच्या कट्ट्यावर हात फिरवला. "आई इथं बसून भांडी घासणार. नको म्हटलं तरी घासणार." तिथूनच मालकाला फोन लावला. त्याने पूर्ण नाव विचारलं. ताई बौद्ध, आडनावावरून कळायचं. "सोच के बताता हूँ," म्हणाला. दुसऱ्या दिवशी, "फॅमिली मिल गयी."

आठवडा गेला तरी खिडकीला पडदा नव्हता.

"मॅडम," ताई स्टँडमध्ये ट्यूब लावता लावता म्हणाल्या, "ते घर रिकामंच आहे. तुमच्या सासूबाईंनाही जिना होत नाही ना? तुम्ही जा. तुमचं आडनाव चालेल."

'उद्या उपाशीपोटी या' हे ज्या आवाजात सांगायच्या, त्याच आवाजात.

मी गेले. मालकाने आडनाव विचारलं, "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि किल्ली दिली. मला लाज वाटली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. सामान हलवलं, नव्या घरात दूध उतू घालवलं, दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

महिन्याभराने ताई सासूबाईंचं रक्त घ्यायला घरी आल्या. सासूबाई मोरीच्या कट्ट्यावर बसून भांडी घासत होत्या. ताई जरा वेळ बघत उभ्या राहिल्या.

"आईचं काय ठरलं?" मी विचारलं.

"बघू." त्यांनी सुई काढली, कापूस दाबायला दिला. जाताना दारातून वळल्या. "पडदा लावा मॅडम. रिकामं वाटतंय."

दिवाळीनंतर त्यांनी लॅब सोडली. आईकडे गावाला गेल्या म्हणे. मी विचारपूस केली नाही.

ताई गेल्याचं कळलं त्या रविवारी मी पडदा लावला. मग रस्त्यावर गेले, कपाळावर आडवा हात धरला आणि बघितलं. इथे माणूस राहतो, असं वाटत होतं.