त्यायच्या लोकायचा खोकला

माझं लाटणं माझ्याच हातातून ओढून काकूंनी मोरीजवळ नेऊन ठेवलं. सगळ्या बायांसमोर. मग पदराला हात पुसले.

"तू खोकलून राह्यली वं. लाटू नको. बाजा गच्चीवर नेऊन टाक, पापड वाळू घालायले."

उन्हाळा लागला की आमच्या डोणगावच्या गल्लीत पापडाच्या पाळ्या लागतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. ज्या त्या बाईनं आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. आज मी तुझे लाटले की उद्या तू माझे लाटायचे. काकू म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या वावराच्या मालकीण, म्हणून पहिली पाळी त्यांची. मी ब्लाउज शिवते. गल्लीत बौद्धाचं घर माझं एकटीचंच.

हिवाळ्यात तापाची साथ आली होती. घरोघर माणसं आडवी झाली. माझा ताप उतरला, खोकला मात्र छातीत बसून राहिला. कोरडा. ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. जिना चढले की धाप, मशीन मारताना धाप. मेहकरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. म्हणाले, "आजार गेलाय. श्वासनळ्या अजून नाजूक आहेत. धूर-धूळ टाळा, ओझं उचलू नका. तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही." हे सगळं मी काकूंना शब्दाला शब्द सांगितलं होतं. तरी तोंडाला रुमाल बांधून गेले होते.

आणि काकू? त्याच साथीत त्याही पडल्या होत्या. त्यांचाही खोकला तसाच राहिलेला. उघड्या तोंडानं पिठाच्या परातीवर वाकून खो खो करत होत्या आणि शेजारची बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. "अशक्तपणा हाये काकूले." त्याच हातांनी काकू पुन्हा लाट्या तोडायला बसल्या.

मी बाज उचलली. का उचलली? सवय, दुसरं काय. अर्ध्या जिन्यात श्वास कोंडला. छातीत शिट्टी वाजायला लागली. बाज भिंतीला टेकवून पायरीवर बसले. खालचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

कोणीतरी विचारलं, "काकू, तिलेबी तुमच्यासारखाच खोकला हाये ना?"

काकू म्हणाल्या, "माहा घरातला खोकला हाये. त्यायच्या लोकायचा येगळा असते वं."

बाया हसल्या. सगळ्या.

पायरीवर बसल्या बसल्या मला मागचे उन्हाळे आठवायला लागले. माझी पाळी आली की दर वर्षी काहीतरी निघायचं. कोणाची कंबर धरायची, कोणाकडे पाहुणे यायचे. यातली एकही बाई माझ्या घरी कधी लाटायला बसली नाही. तेव्हा कुठे होता मला खोकला? यंदा तो आयता मिळाला, बहाणा शोधायचे कष्ट वाचले त्यांचे. शी! किळस आली मला. त्या पापडांची, त्या हसण्याची, आणि इतकी वर्षं त्यांच्यासोबत मीही दात काढून हसले त्याची.

बाज जिन्यातच सोडली. खाली आले. मोरीजवळचं लाटणं उचललं, पोळपाट काखेत मारला. बोलायला गेले तर ठसका लागला. जाऊ दिला पुरता. बसू दे म्हटलं बायांना वाट पाहत.

"काकू, खोकला घरातला हाये ना तुमचा? मंग बाजाबी घरातल्यायनंच उचलाव्या."

काकूंचा हात परातीतच राहिला. "एवढ्याशा गोष्टीचा काऊन राग आला वं तुले?"

एवढीशी गोष्ट! मी चप्पल घातली आणि निघाले.

संध्याकाळी ती पाठ चोळणारी शेजारीण आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "जाय, काकूच्या पाया पड. गल्लीत राहाचं हाये तुले."

मी म्हटलं, "आत ये. बस."

"घाई हाये वं," म्हणाली आणि गेली.

खोकला हळूहळू जाईल म्हणतात डॉक्टर. जाईलच. मग पुढच्या उन्हाळ्यात बोलावणं येईल, "आता बरी झाली ना वं, चाल." मी जाणार नाही. माझ्या घरात येऊन जी बाई बसणार नाही, तिच्या घरचं एकही काम माझ्या हातून होणार नाही. का म्हणून कोणी विचारलं तर भर गल्लीत तोंडावर सांगेन. खोकत सांगावं लागलं तरी सांगेन.