खंडेनवमीला उभी राहिलेली गाडी

इंदुरीच्या हौशीरामनं लिलावातून मोडीत निघालेली डिझेल बस आणली तेव्हा अख्खं गाव हसलं. त्यानं मागची बाकडी उपटली, फळ्यांची खाट ठोकली, ड्रायव्हरच्या पाठीशी स्टोव्ह मांडला आणि बायकोला, झुंबरबाईला, म्हणाला, "चढ. ह्ये आपलं घर." ती चढली. तेव्हापासून दोघं जत्रा करत फिरायची. गोडीशेव, रेवडी विकायची आणि जत्रा उठली की घर सुरू करून पुढच्या गावाला जायची.

गाडीला परका हात लागलेला मात्र त्याला खपत नसे. तेल बदलणं, ब्रेक आवळणं, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस देणं, सगळं स्वतः. मेस्त्री म्हटलं की कपाळाला आठी. "गाडी न् बायकू दुसऱ्याच्या हाती दिऊ ने," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि झुंबरबाई शेव तळता तळता ऐकायची. माणूस कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, खोटं कशाला बोला? पण हुशारीची घमेंड दारूपेक्षा वाईट. दारू निदान सकाळी उतरते.

एका वर्षी नवरात्रात गाडी इंदुरीतच नदीकाठी उभी होती. अष्टमीला त्यानं डिझेलचा फिल्टर उघडून धुतला आणि परत बसवला. फिल्टर उघडला की नळीत हवा शिरते. पंपावरचा नट सैल करून ती काढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. काम तसं किरकोळच. पण दिवस मावळला होता आणि खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडायची होती. पाने, पक्कड, जॅक रॉकेलनं पुसून त्यानं पाटावर ठेवले. हवा काय, दसऱ्याला काढू.

नवमीला सकाळी पूजा झाली. आता दसऱ्याची पूजा होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, ही रीत. एवढ्यात झुंबरबाईचा भाऊ मारुती धापा टाकत आला. आंदर मावळातल्या वाडीवरून रातोरात चालत आला होता.

"अक्का, आयचं काय खरं न्हाई. सारखं तुजंच नाव घेतीया. चल."

"गाडी काढा," झुंबरबाई नवऱ्याला म्हणाली.

हौशीराम पाटाकडे बघत राहिला. "नळीत हवा हाय. पाना लावल्याबिगर निगायची न्हाई."

"मग लावा की!"

"आज? पूजंतलं हत्यार उचलू? काय इपरीत झालं मंजी?"

सोमाटण्याचा ट्रक ड्रायव्हर अंबाजी सासुरवाडीला म्हणून इंदुरीत आला होता. सगळं ऐकून तो पुढं झाला. "भाऊ, माज्या पिशवीत एक पाना पूजंला मांडायचा ऱ्हायलाय. मी काडतो हवा. पाप लागलं तर मला लागंल."

इथं देवाचं कारण संपलं होतं. पण परक्यानं बॉनेट उघडायचं? आणि हौशीरामसारखा हौशीराम काम अर्धवट टाकून खुशाल झोपला, हे गावाला कळायचं? त्याला ते सोसवेना. "माज्या गाडीला कुनी हात लावायचा न्हाई," तो ओरडला. अंबाजी मान हलवत निघून गेला.

"मग मी मारुतीसंगं चालत जाते," झुंबरबाई म्हणाली.

"चालत अख्खा दिस जाईल. उद्या पहाटं पूजा करतो न् निगू. ऊन वर यायच्या आत तितं. माजा शबूद हाय."

बिचारी तिथंच फसली. गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. ती पायरीवर बसून राहिली आणि मारुती एकटाच परत गेला.

दसऱ्याला पहाटे हौशीरामनं पूजा उरकली, नट सैल करून हवा काढली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्याला एवढा आनंद झाला, की तो बायकोकडे बघून हसला.

वाडीवर माती खोळंबली होती ती लेकीसाठी. आई, धोंडाबाई, आदल्या दिवशी दिवेलागणीनंतर गेली. मारुती पोचला तेव्हा ती शुद्धीत होती, त्याच्या मागं दाराकडे बघत होती. "संगं आली आस्तीस तर गावली आस्ती," मारुती म्हणाला. न सांगता तर बरं झालं असतं. पण त्यानं तरी का गिळावं?

तेराव्यानंतर हौशीराम न्यायला आला. झुंबरबाई गाडीत चढली, आपली पेटी घेतली आणि खाली उतरली. "गाडी लय निगुतीनं ठिवली तुमी," ती म्हणाली. "आता तिच्यातच ऱ्हावा."

भावकीनं समजावलं, पण सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच? माफी मागायला तो कधी गेला नाही. हॉर्न वाजवायला गेला. दर दिवाळीला गाडी वाडीखाली उभी करायची, हॉर्न द्यायचा, वाट बघायची आणि परत फिरायचं. वर कुणी दारात येत नसे. शेव एकट्याला जमेना, जत्रा सुटल्या. गाडी मात्र एका हाकेत सुरू व्हायची, म्हणे.

पुढं उतारवयात तो त्याच गाडीत तापानं अंथरुणाला खिळला. गावातल्या कुणीतरी सकाळी वाडीकडे निघालेल्या टेम्पोवाल्याजवळ निरोप दिला. संध्याकाळी डोळे उघडतो तर उशाशी झुंबरबाई. केस पांढरे झालेले, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले.

"कशी आलीस?" त्यानं विचारलं.

"चालत," ती म्हणाली. "निरोप आला न् तशीच निगाले. दिस बुडायच्या आत पोचले."

हौशीरामनं तोंड गाडीच्या पत्र्याकडे फिरवलं.